खासगी एफएम वाहिन्यांनी मुंबईच्या बातम्या द्याव्यात का?

धागाकर्ता (कुर्ला)
आपल्याकडे खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे सहक्षेपित करता येते. वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, परीक्षा यांविषयीची माहिती बातमी धरली जात नाही, म्हणून तेवढी देता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला १० मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस केली. ती स्वीकारली जावी, असे माझे ठाम मत आहे. मिलन सबवेत पाणी भरल्याचे निवेदक आज सांगू शकतो. मात्र दर पावसाळ्यात ते का भरते आणि उपसा पंपांवरचा खर्च कुठे गेला, हे महापालिकेला विचारून श्रोत्यांपुढे मांडायची त्याला मुभा नाही.

गिरगावकर
मला हे पटत नाही. जुलै २००५ च्या महापुराच्या त्याच आठवड्यात पाण्याचा लोंढा येत असल्याची अफवा जुहूच्या नेहरूनगरात पसरली आणि चेंगराचेंगरीत माणसे मेली. ती अफवा तोंडोतोंडी पसरली होती. तीच चूक उद्या वाहिनीवरून झाली तर ती किती घरांत पोहोचेल, याचा विचार व्हावा. शिवाय या वाहिन्या जाहिरातींवर चालतात. ज्या बांधकाम व्यावसायिकाच्या सदनिकांची जाहिरात दिवसभर वाजते, त्याने नाला बुजवल्याची बातमी तीच वाहिनी देईल, यावर माझा विश्वास बसत नाही. मुंबईचे केंद्र १९२७ पासून चालू आहे. आकाशवाणीची बातमी उशिरा येते, पण पारखून येते.

धागाकर्ता (कुर्ला)
गिरगावकर, जाहिरातींचा आपला मुद्दा मला मान्य आहे; अफवेचा मात्र नाही. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री आमच्या चाळीत वीज नव्हती, दूरध्वनी बंद होते, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर वडिलांचा ट्रान्झिस्टर ठेवून पंधरा-वीस माणसे त्याभोवती बसली होती. सेल उतरत आल्याने आवाज बारीक झाला, तेव्हा शेजारच्या काकूंनी भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून दिले. आम्हाला हवे होते ते एवढेच, की मिठी नदीचे पाणी चढते आहे की उतरते आहे. विश्वासाचा आवाज गल्लीपर्यंत पोहोचत नाही, तेव्हाच अफवेला वाट मिळते. आकाशवाणीचे प्रादेशिक बातमीपत्र साऱ्या महाराष्ट्रासाठी असते. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बातम्या सांगून झाल्यावर त्यात आमच्या प्रभागाला जागा किती उरणार?

मुलुंडची श्रोती
आपण दोघेही सामुदायिक रेडिओला विसरलात. त्याचा पल्ला जेमतेम पाच-दहा किलोमीटरांचा असतो, तो नफ्यासाठी चालवता येत नाही, आणि तरीही स्वतःच्या बातम्यांची बंदी त्यालाही आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले आहे. मग पहिला हक्क वस्तीतल्या केंद्राला का नसावा? तेथे चुकीची बातमी देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात दूध आणायला जावे लागते.

गिरगावकर
सामुदायिक केंद्रांपुरती मुभा द्यायला माझी हरकत नाही. खासगी वाहिन्यांबाबत मात्र तक्रार कोणाकडे करायची आणि चुकीची दुरुस्ती किती वेळात प्रसारित व्हायची, हे आधी लेखी ठरावे. तोवर माझा विरोध कायम आहे.