सिंगापूरला ताईकडे थोडे दिवस – खायचं काय, निवांत बसायचं कुठे?

पाटवडी:
नमस्कार मंडळी, डिसेंबर एंडला मी, बायको आणि आई सिंगापूरला ताईकडे जातोय. दिवस थोडेच आहेत त्यामुळे युनिव्हर्सलचं थीम पार्क वगैरे काही करायचं नाहीये, ताईशी पोटभर गप्पा, तिथलं नीट खाणं आणि संध्याकाळी हवेशीर जागी बसणं एवढाच बेत. आई शुद्ध शाकाहारी, अंडंपण नाही, आम्ही दोघं सगळं खातो. ताई म्हणते मी घरीच करते सगळं, पण आम्ही आलो म्हणून तिने सुट्टीत ओट्यापाशी उभं राहायचं हे मला पटत नाही. ती बेडोक नॉर्थ एमआरटीजवळ (तिथलं मेट्रो स्टेशन) राहते. काय करू सांगा.

पूर्वकिनारा:
अरे मस्त एरिया आहे! सकाळी खाली कॉफीशॉपमध्ये जायचं, काया टोस्ट (काया नावाचा जॅम लावलेला) आणि हाफ बॉईल्ड अंडी मागवायची. अंडी बशीत फोडायची, त्यावर काळा सोया सॉस आणि पांढरी मिरपूड, आणि कुरकुरीत टोस्ट त्यात बुडवून खायचा, सोबत कोपी, म्हणजे तिथली कॉफी. नुसतं कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घालतात, फार गोड होते, कमी साखर हवी तर 'कोपी सिउ दाइ' म्हणायचं, बिनदुधाची हवी तर 'कोपी ओ'. आईंना मात्र काया देऊ नका, तो जॅम नारळाचं दूध आणि अंडं घालूनच करतात.
संध्याकाळी ईस्ट कोस्ट लगून फूड व्हिलेज. समुद्राला लागूनच हॉकर सेंटर (एका छताखाली खाण्याचे बरेच स्टॉल) आहे, साते (काडीला लावून भाजलेलं मांस), ग्रिल्ड स्टिंग्रे मासा, उसाचा रस, खाऊन झालं की तिथेच किनाऱ्यावर चालायचं. जाताना टिश्यूचं पाकीट ठेवा, टेबलावर ते ठेवलं की जागा धरली असं सगळे समजतात. आणि खाल्ल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो.

शाकाहारी_सांगतेय:
आईंसाठी लिहिते कारण माझी आईपण अशीच कडक आहे. नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. लक्सा (नारळाच्या रश्शातल्या नूडल्स) आणि सांबल (मिरचीची चटणी) यात सुकी कोळंबी किंवा बेलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, नुसती पालेभाजी मागवली तरी सांबल किंवा ऑयस्टर सॉस येऊ शकतो, रोटी प्राता (तिथला पराठा) सोबतची करी बरेचदा माशाची किंवा मटणाची, तिथे डाळ आहे का ते आधी विचारा. चायनीज बौद्ध शाकाहारी स्टॉल असतात ते चांगले, पण अंडं चालत नाही हे वेगळं सांगायचं. आणि एक दिवस लिटल इंडिया. सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, डोसा आणि केळीच्या पानावरचं जेवण, आई निर्धास्त जेवतील. लिटल इंडिया स्टेशनला लागूनच टेक्का सेंटर हे हॉकर सेंटर आहे, तिथे तुम्ही दोघं बिर्याणी खा.

गवतावरची_चटई:
निवांत बसायला बोटॅनिक गार्डन, दुसरं काही शोधूच नका. २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पहाटे ५ ते रात्री १२ उघडं, प्रवेश फुकट, फक्त ऑर्किड गार्डनला तिकीट. बोटॅनिक गार्डन्स, लिटल इंडिया आणि बेफ्रंट तिन्ही स्टेशनं तुमच्या बेडोक नॉर्थच्याच निळ्या डाउनटाउन लाईनवर आहेत, म्हणजे आईंना गाडी बदलायचा त्रास नाही. बेफ्रंटला उतरून गार्डन्स बाय द बेमधला लाईट शो बघा, तोही फुकट. तिकडे सकाळी सातपर्यंत नीट उजाडत नाही आणि डिसेंबर पावसाचा महिना, छत्री कायम पिशवीत असू द्या.

माहेरवाशीण७:
मी स्वतः परदेशात राहते म्हणून सांगते, ताईला एक दिवस तरी करू दे रे. माहेरचं माणूस आपल्या टेबलावर जेवलं की किती बरं वाटतं ते इथे राहून कळतं. तू भाजणी, गोडा मसाला आणि ताज्या मेतकुटाचा डबा घेऊन जा, थालीपीठं आईंनाच लावू दे आणि ताईला शेजारी गप्पा मारत बसू दे.

पाटवडी:
माहेरवाशीण, हे डोक्यातच आलं नव्हतं, आईला सांगितलं तर ती आत्ताच भाजणी भाजायला निघाली! बोटॅनिक गार्डन नक्की. सिंगापूरला शिरण्याआधीचा तो ऑनलाईन फॉर्म, अरायव्हल कार्ड, कधी भरायचं?

पूर्वकिनारा:
पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, सरकारी साईटवर, फुकट असतं. पैसे मागणाऱ्या साईटवर जाऊ नका. आणि च्युइंगगम नेऊ नका, बंदी आहे.