मदत हवी आहे: करंज तेलाच्या नॅनोट्यूब घातल्या, तर कंपोझिट उलट लवकर तुटलं

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. करंज तेलापासून कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) करायच्या आणि ग्लास फायबर-इपॉक्सीत, म्हणजे काचेचे धागे आणि इपॉक्सी रेझिन यांच्या कंपोझिटमध्ये घालायच्या, असं माझं प्रोजेक्ट आहे. खानापूरकडे आमच्या गावात ओढ्याकाठी करंज भरपूर. तेल खायच्या कामाचं नाही, गुरांच्या खरजेला लावतात. बाकी बिया झाडाखालीच कुजतात. कापरापासून नॅनोट्यूब करण्याचं काम आयआयटी मुंबईत झालंय, मग आमच्या करंजापासून का होऊ नयेत, म्हणून हट्टानं हा विषय घेतला.

एक मिलिलिटर तेलाला 20 मिलिग्रॅम फेरोसिन, कोमट करून विरघळवलं. क्वार्ट्झची नळी भट्टीत 800 अंशांवर, आर्गॉन वायू चालू, आणि सिरिंजनं तेल थेंब थेंब आत. फेरोसिनमधल्या लोखंडाच्या बारीक कणांवर नॅनोट्यूब वाढाव्यात ही अपेक्षा. नळीच्या मध्यावर काळी पावडर जमली, ती चुंबकाला चिकटतेही. पण बाहेरच्या तोंडाशी पिवळट, चिकट तेल साचलं.

ती पावडर 0.5 टक्के घेऊन इपॉक्सीत हातानं ढवळली, हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) घातला आणि उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये ग्लास मॅटवर रोलरनं लावून पट्ट्या केल्या. वाकवण्याच्या चाचणीत पावडर नसलेल्या पट्ट्यांनी जास्त भार घेतला. तुटलेल्या कडेला तिळाएवढे काळे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतात, शेजारी टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. तीन महिने यात गेलेत. चूक भट्टीत आहे की मिसळण्यात?

उत्तर, निपाणीहून:
ताई, दोन्हीकडे. चुंबकाला चिकटली म्हणून नॅनोट्यूब झाल्या असं नाही; लोखंड मिसळलेली काजळीही चिकटते. आधी रॅमन (लेसरच्या प्रकाशानं कार्बनची रचना तपासणारी चाचणी) करून घ्या, तिच्या आलेखात 1350 आणि 1580 cm⁻¹ च्या आसपासची दोन शिखरं बघा. पण काजळीतही ती येतात, त्यामुळे खात्री इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच होईल. पिवळं तेल म्हणजे तेल पुरतं तुटलेलं नाही, थेंब मोठे पडताहेत. थेंबाऐवजी बारीक फवारा द्या, वेगही कमी करा.

पट्टी तोडली ती त्या तिळांनी. नळ्यांचे गोळे झाले की इपॉक्सीचा भार नळ्यांपर्यंत पोचत नाही, उलट गोळ्यापासूनच तडा सुरू होतो. हातानं ढवळून ते सुटत नाहीत. पावडर आधी टोल्युइननं धुवून चिकटा काढा, वाळवा. मग अॅसिटोनमध्ये घालून अल्ट्रासोनिक बाथला (ध्वनिलहरींनी गोळे सोडवणारं भांडं) लावा आणि रेझिनमध्ये मिसळा. अॅसिटोन पूर्ण उडू द्या; मागे राहिला तर रेझिन मऊच राहतं. त्यानंतर व्हॅक्यूमखाली बुडबुडे काढा, हार्डनर सगळ्यात शेवटी. आणि 0.5 वरून 0.1 टक्क्यावर या.

मूळ प्रश्नकर्ती:
दादा, मनापासून आभार. अल्ट्रासोनिक बाथ आमच्या लॅबमध्ये आहे, व्हॅक्यूमची सोय नाही. बेळगावात कुणाकडे व्हॅक्यूम चेंबर असेल तर एका दिवसासाठी वापरायला मिळेल का?