संपूर्ण चालीला हार्मनीचे स्वर एकदम कसे जोडावेत?

प्रश्न:
म्यूझस्कोर या संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये समूहगानासाठी एका चालीचे स्वरलेखन करत आहे. मूळ चाल लिहून पूर्ण झाली असून आता तिच्या वर थर्डच्या (मूळ स्वर धरून तिसऱ्या स्वराच्या) अंतराने दुसरा आवाज द्यायचा आहे. सध्या मी एकेक स्वर निवडून शिफ्ट आणि अक्षराची कळ दाबत जातो, पण त्यात फार वेळ जातो. संपूर्ण ओळीला हे स्वर एकाच वेळी जोडता येतील का? आणि नंतर हा आवाज वेगळ्या स्टाफवर (पाच रेघांच्या पट्टीवर) न्यायचा असल्यास काय करावे?

उत्तर १:
येतील. पहिल्या स्वरावर क्लिक करा, शेवटच्या स्वरावर शिफ्ट धरून क्लिक करा आणि आल्ट + 3 दाबा. निवडलेल्या प्रत्येक स्वरावर थर्ड बसेल. 3 ऐवजी 6 ने सिक्स्थ (सहावा स्वर) आणि 8 ने ऑक्टेव्ह (वरच्या सप्तकातील तोच स्वर) मिळतो. खालच्या अंतरांसाठी प्रेफरन्सेसमधील शॉर्टकट्समध्ये जाऊन आपल्या सोयीच्या कळा ठरवून घ्याव्यात. सिबेलियस या अशाच सॉफ्टवेअरमध्ये हेच काम नुसत्या अंकांच्या कळांनी होते व शिफ्टसह तोच अंक दाबल्यास स्वर खाली येतो, तर डोरिकोमध्ये शिफ्ट + आय दाबून उघडणाऱ्या चौकटीत 3 किंवा -3 लिहावे लागते.

उत्तर २:
वरील पद्धत योग्यच आहे, परंतु सॉफ्टवेअर केवळ स्केलच्या (स्वरसप्तकाच्या) पायऱ्या मोजते, त्या क्षणी कोणती कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजत आहे हे पाहत नाही. सी मेजरमध्ये सी वर ई येतो, म्हणजे 4 सेमीटोन (अर्धस्वर), आणि डी वर एफ येतो, म्हणजे 3. इथवर काहीच खटकत नाही. पण सीच्या कॉर्डवर चाल जी या स्वरावर थांबली असेल, तर थर्डने येणारा बी त्या कॉर्डशी घासतो, विशेषतः स्वर लांबवलेला असताना. अशा ठिकाणी बी एक पायरी वर नेऊन सी करावा. मायनर स्केलमध्ये तर अधिकच जपावे लागते, कारण ए मायनरच्या ई मेजर कॉर्डवर जी शार्प (जीपेक्षा एक सेमीटोन वरचा स्वर) हवा असतो आणि सॉफ्टवेअर की सिग्नेचरप्रमाणे (ओळीच्या सुरुवातीला ठरवलेल्या स्केलप्रमाणे) साधा जी देते. म्हणून ओळ भरून झाल्यावर लांब स्वर आणि ओळीचे शेवट कॉर्डसह ऐकून तपासावेत. झटकन सरकणाऱ्या स्वरांत ही घासणी सहसा जाणवत नाही.

उत्तर ३:
वेगळ्या स्टाफसाठी टूल्समध्ये एक्सप्लोड ही आज्ञा आहे, जी एकत्र लिहिलेले स्वर वेगवेगळ्या स्टाफवर वाटते, मात्र ती सर्वांत वरचा स्वर वरच्या स्टाफवर ठेवते. आपली हार्मनी चालीच्या वर असल्याने मूळ चालच खालच्या स्टाफवर जाईल. त्याऐवजी चाल दुसऱ्या स्टाफवर कॉपी करून ट्रान्सपोजमधील डायटॉनिक (स्केलच्या पायऱ्यांनी स्वर सरकवणाऱ्या) पर्यायाने थर्ड वर न्यावी, हे मला अधिक सोयीचे वाटते. पुढे दुसऱ्या आवाजाची लय बदलायची झाली, तरी मूळ चालीला हात लावावा लागत नाही.