प्रति: एमपी४ असूनही टाइमलाइनवर अडकते

एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर (जिथे क्लिप ओळीने मांडतो ती पट्टी) टाकलेल्या दोन्ही व्हिडिओ फायली एमपी४, मग मोबाईलवर शूट केलेलीच का अडखळते, असं एकाने वर विचारलंय. एमपी४ हा नुसता कंटेनर, म्हणजे डबा. आतला व्हिडिओ एच.२६४ आहे की एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायच्या दोन पद्धती), ते बघा. एच.२६५ जागा कमी खातो, पण उलगडताना जुन्या प्रोसेसरला घाम फोडतो. अशा वेळी प्रॉक्सी, म्हणजे फाईलची हलकी नक्कल, बनवून एडिट करा. नुसतं एक्स्टेन्शन बदलून आत काहीही बदलत नाही, हे सांगून थकलो!

आणखी एक. मोबाईल बहुधा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त करत शूट करतो, म्हणून लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (कायम एकच वेग) निवडून नवी फाईल बनवून घ्या, ऑडिओचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ४८ किलोहर्ट्झ ठेवा (४४.१ हा सीडीचा), मगच कापाकापी.