मेळावे बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी एक चाक उघडून दाखवावं

चौदाचा पान्हा

काल आपल्या या मोटारसायकलवाल्यांच्या मंचावर एक पोस्ट पडली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: लांब पल्ल्याच्या रायडरांचा भाऊपणा हे थोतांड आहे. मेळाव्यात पैसे भरून बिल्ला, टी-शर्ट आणि स्टिकर मिळतं. खरा प्रवासी एकटा फिरतो, आणि गाडी अडलीच तर प्रत्येक फाट्यावर पंक्चरवाला बसलेला असतो. तेव्हा मराठवाड्यात आणखी मेळावे नकोत. खाली माना डोलावणाऱ्यांची रांग बघून राहवलं नाही, म्हणून हे सविस्तर.

फाट्यावर पंक्चरवाला असतो, खरं आहे. त्याच्याकडं ट्यूब कुठल्या मापाची असते तेही बघा. स्प्लेंडरची 18 इंची, पल्सरची 17, स्कूटीची 10 नाहीतर 12. हिमालयन आणि एक्सपल्स या लांब पल्ल्याच्या गाड्यांचं पुढचं चाक 21 इंची आहे. किनवटहून माहूरकडं जाताना अंधार पडायच्या वेळी ती ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली तर तिथं ठिगळ बसत नाही, आणि 21 ची नवी ट्यूब टपरीवर मिळेल ही आशा सोडा. अशा वेळी यादी लागते. किनवटला जादा ट्यूब कुणाकडं आहे, नांदेडहून रात्रीच्या एसटीत कोण टाकून देईल, उमरखेडला पिकअप कुणाची आहे, अशी यादी. ती घरबसल्या तयार होत नाही. माणूस एकदा समोरासमोर भेटलेला असला, त्याच्या हाताला ग्रीस लागलेलं बघितलेलं असलं, तरच रात्री अकराला फोन करायला जीभ रेटते.

मेळावा चांगला का वाईट हे दुसऱ्या दिवशी कळतं. नवखं पोरगं परत जाताना आपलं मागचं चाक स्वतः काढून बसवू शकत असेल तर मेळावा झाला. नाहीतर ती जत्रा, आणि जत्रेबद्दलच बोलणं चालू असेल तर त्या पोस्टवाल्याशी माझं भांडण नाही.

नाथसागर

पान्हा दादा, तुम्ही सांगताय तसा मेळावा आपल्याकडं कुठं भरतो ते सांगा, मी स्वतः सतरंजी घेऊन येतो. भरतात ते असे: संध्याकाळी डीजे, रात्री बारापर्यंत बर्नआउट (जागेवरच मागचं चाक फिरवून धूर काढणं), सकाळी वेरूळला फोटो. दौलताबादच्या दिल्ली दरवाजाच्या कमानीतून चाळीस गाड्या डीबी किलर, म्हणजे सायलेन्सरमधली आवाज दाबणारी जाळी, काढून जातात तेव्हा खुलताबादच्या बाजारातल्या माणसाला रायडर या शब्दाचीच चीड येते. मग उद्या तुमचं पोरगं त्याच्या दुकानापुढं बंद पडलं तर तो पाणी तरी विचारेल का?

आणि जाळी काढून ताकद वाढते हा समज कुणीतरी मोडला पाहिजे. एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडीचा मॅप, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सेटिंग, न बदलता रिकामा पाइप लावला की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), थ्रॉटल सोडला की फटफट फुटते आणि खालच्या आरपीएमची ओढ जाते. म्हणजे घाटात, नेमकी हवी असते तिथंच, गाडी मरते. हे एका तरी मेळाव्यात स्टेजवरून सांगितलं जातं का?

मूळ पोस्ट लिहिणाऱ्याची भाषा कडक होती. मुद्दा चुकीचा नव्हता.

गोदाकाठची

दोघंही मोठ्या मेळाव्याबद्दलच बोलायलात. छोटे मेळावेही असतात. जर्मनीत 1956 साली झुंडाप केएस 601 च्या साइडकारवाल्यांनी एलेफान्टेनट्रेफेन, म्हणजे हत्तींचा मेळावा, सुरू केलं. त्या गाडीला हिरवा हत्ती म्हणायचे, त्यावरून नाव पडलं. आजही ते भर हिवाळ्यात, बव्हेरियाच्या जंगलात, बर्फावर पेंढा पसरून तंबूत भरतं. थंडीच अशी की नुसता फोटो काढायला येणारा येतच नाही. जगभर फिरणाऱ्यांसाठी होरायझन्स अनलिमिटेड हे ग्रँट आणि सुसान जॉन्सन या जोडप्याने उभं केलं, त्यांच्या मेळाव्यात टायर बदलण्यापासून सीमेवरच्या कागदांपर्यंत शिकवण्या असतात. गावोगावची माणसं आपलं नाव नोंदवून ठेवतात, वाटेत अडलेल्याला मदत करायला. पान्हा दादा म्हणतात ती यादी हीच.

सीमेवरच्या कागदांचंही साधं नसतं. कार्ने म्हणजे आपली गाडी परदेशात तात्पुरती नेण्याचं कागदपत्रांचं पुस्तक. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे, आत जाताना एक फाडतात, बाहेर पडताना दुसरा. बाहेरचा शिक्का राहिला तर गाडी त्या देशातच आहे असं धरलं जातं आणि ठेवीचे पैसे अडकतात. हे वाचून माहीत असणं वेगळं. भरलेलं कार्ने हातात धरून कुणीतरी "इथं बघ, हा कोपरा" म्हणणं वेगळं.

आणि आयोजकांना एक विचारते. बायकांसाठी संडास आणि अंघोळीची आडोशाची जागा आहे का, याचं उत्तर पहिल्या पत्रकात का नसतं?

मांजराकाठ

पाण्याचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. अशा मुलखात उन्हाळ्यात मेळावा भरवायचा आणि निघताना गाड्या धुवायच्या? पाइप लावून एक गाडी धुतली की शंभरेक लिटर जातं. दोनशे गाड्यांचं वीस हजार झालं, म्हणजे दहा हजारी टँकर दोन. त्या गावात बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत असतात. कसला भाऊपणा? रायडर रायडरचा भाऊ, आणि गाव कोण?

काळं रान

मांजराकाठ मामा, शंभर टक्के. म्हणून मेळावा थंडीत घ्या. पण थंडीत उसाचा हंगाम. धाराशिव, लातूर, अंबाजोगाईकडं दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली दडलेला. समोरच्या गाडीच्या झोतात ट्रॉली दिसतच नाही, दिसते तेव्हा वीस फुटांवर असते. समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळं आपण सगळे जुन्याच रस्त्यांवर, ट्रॉल्यांच्या सोबतीला.

"शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघा, रात्री पोचा" असं पत्रकात छापणारा आयोजक माझ्या लेखी गुन्हेगार आहे. उजाडल्यावर निघा. सहा ते आठ गाड्यांचा गट, त्याहून मोठा नको. पेट्रोल सगळ्यात लहान टाकीच्या हिशोबाने. प्रत्येक वळणावर दुसऱ्या नंबरची गाडी थांबते, शेवटचा दिसेपर्यंत हलत नाही. एवढी एक रीत पाळली तर मागचा माणूस चुकत नाही आणि त्याला गाठायला कुणी गाडी पळवत नाही. अपघात होतात ते या पळापळीत.

ट्यूबलेसवाला

एवढं रामायण एका पंक्चरवरून? ट्यूबलेस घ्या. काटा गेला, पट्टी घुसवली, पाच मिनिटांत रस्त्यावर. चाक उघडायची शाळा हा 1990 चा विषय आहे.

चौदाचा पान्हा

ट्यूबलेसवाले भाऊ, पट्टी चालते ती टायरच्या पाठीवर. बाजूची भिंत कापली गेली की पट्टी बसत नाही. अलॉय चाकाची कड खड्ड्यात वाकली की हवा तिथून जाते, तिला पट्टी कुठं घालणार? तेव्हा शेवटचा उपाय म्हणजे आत ट्यूब टाकणं, आणि ती टाकायला टायर उघडावाच लागतो. वेडी बाभळीच्या काट्याचं तर आणखी वेगळं. तो टोकाशी मोडून आत राहतो, भोक सुईएवढं. रीमरने मोठं केल्याशिवाय पट्टी शिरत नाही, आणि घाईत रीमर तिरपा घातला की आतल्या तारा तुटतात.

टायर उघडताना माणूस फसतो ते ताकद लावल्याने. दोन लिव्हर पुरतात. लिव्हर लावाल त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोल भागात उतरवा. ती खोलात नसेल तर लिव्हर वाकतो, असेल तर टायर हाताने निघतो. बसवताना ट्यूबमध्ये आकार धरण्यापुरती हवा ठेवा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. शेवटचा घास बसवण्याआधी व्हॉल्व्ह आत ढकलून बघा, ट्यूब लिव्हरखाली आली नाही ना. नवी ट्यूब बसवताबसवताच पंक्चर होते ती इथंच. आणि चाक बाहेर असताना डिस्कचा ब्रेक चुकूनही दाबू नका, पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही. पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा.

ट्यूबलेसवाला

ट्यूबमध्ये जेल भरा मग. काटा गेला तरी आपोआप बंद.

गोदाकाठची

जेल मोठ्या फाटीला काही करत नाही, आणि त्यानंतर ठिगळही बसू देत नाही. भोकातून ते सारखं पाझरतं, पृष्ठभाग ओला राहतो, सोल्यूशन धरत नाही. टपरीवाला अशी ट्यूब बघून हात जोडतो, ते उगाच नाही.

ठिगळाची रीत: पॉलिश पेपरने ठिगळापेक्षा मोठी जागा घासा, चकाकी पूर्ण जाईस्तोवर. सोल्यूशन पातळ लावा. दहा मिनिटं वाळू द्या. मग दाबा. आणि टायरच्या आतून फडकं फिरवा, काट्याचं टोक राहिलं असेल तर फडकं अडकतं. बोट फिरवू नका, बोटात जातं.

मांजराकाठ

दहा मिनिटं? ताई, तुम्ही हिवाळ्याचं सांगताय. मेमध्ये दुपारी लातूर रोडला सोल्यूशन दोन मिनिटांत कोरडं ठणठणीत होतं. दहा मिनिटं ठेवलंत तर वर धूळ बसते आणि ठिगळ पापडासारखं सुटतं.

गोदाकाठची

बोटाच्या मागच्या बाजूने हात लावून बघायचं, चिकटत नसेल तर दाबायचं. मिनिटं मोजायची गोष्ट नाही. मी आकडा लिहिला ती चूक माझी, पण पापडाचं कारण ते नव्हे. ऊन लागलेली ट्यूब आणि न घासलेली जागा हे कारण. सावलीत करा.

मांजराकाठ

सावली कुठाय? बीड ते मांजरसुंब्यापर्यंत दाखवा मला झाड.

काळं रान

गाडीची सावली वापरा आणि दोघंही थांबा. गेल्या वर्षी फोडलेली सोल्यूशनची नळी डब्यात आतल्या आत सुकून गेलेली असते, आधी ती तपासा. निम्मे लोक तिथंच अडकतात.

नाथसागर

बघा, धागा भाऊपणावर होता आणि आता सोल्यूशन किती मिनिटांत वाळतं यावर हमरीतुमरी चाललीय. मला मात्र हे बरं वाटलं. मेळाव्यात हेच भांडण व्हावं, डीजेच्या जागी.

पण आणखी एक राहतं. रस्त्यात पडलेल्या माणसाला टाळून पुढं जाणारेही रायडरच असतात. पोलीस ठाण्यात अडकू, साक्षीला फिरावं लागेल, ही भीती. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव सांगायची सक्ती नाही. 108 ला फोन लावायचा आणि रुग्णवाहिका येईस्तोवर थांबायचं. हेल्मेट ओढायचं नाही. श्वास अडत असेल तरच, आणि तेही दोघांनी. एकाने मान आणि जबडा खालून धरायचा, दुसऱ्याने बाजू फाकवून सरळ वर काढायचं. हे शिकवत नाही तो मेळावा मला नको, मग तिथं पाचशे गाड्या येवोत.

चौदाचा पान्हा

मग आपण एकाच बाजूला आहोत की.

नाथसागर

नाही. तुम्ही मेळाव्यांची बाजू घेता, मी म्हणतो आज भरतात ते बहुतेक बंद व्हावेत. चाकाबद्दल आणि यादीबद्दल तुमचं खरं, तेवढं मान्य. तुमच्या अटींवर भरला तर येईन, पण माझ्याही अटी आहेत. तीस गाड्या, एकही जास्त नाही. सायलेन्सर कंपनीचा. गाडी धुणं बंद. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवायचं, गौताळा अभयारण्याच्या बाजूला असेल तर वन खात्याची परवानगी कागदावर. पाणी आपलं आपण आणायचं, माणशी दिवसाला दहा लिटर, आणि उरलेलं तिथल्या शाळेच्या टाकीत ओतून यायचं.

मांजराकाठ

शाळेची टाकी लिहिलंत, तेवढ्यासाठी मीही येतो. मात्र डिसेंबरात.

काळं रान

डिसेंबरात, उजाडल्यावर निघून.

ट्यूबलेसवाला

माझं मत तेच आहे. पण अलॉयची कड वाकल्यावर काय करायचं ते कुणी प्रत्यक्ष दाखवणार असेल तर गाडी घेऊन येतो. टायर माझा, उघडा.

चौदाचा पान्हा

या. लिव्हर माझे. मधला स्टँड नसेल तर इंजिनखाली घालायला लाकडी ठोकळा आणा, दगड लावू नका, गाडी घसरते. आणि कुणाकडं 21 ची जादा ट्यूब असेल तर ती घ्या. अडचणीत ती मागच्या 17-18 च्या टायरमध्ये दुमडून पुढच्या गावापर्यंत भागवता येते. 18 ची ताणून 21 मध्ये घातली तर जाडी पातळ होते आणि सांध्यापाशी फाटते.

गोदाकाठची

17-18 मध्ये दुमडून घातलीत तर चाळीसच्या वर पळवू नका. दुमड घासून पुन्हा तिथंच पंक्चर होते. आणि संडासाचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही.