पक्षपुरस्कृत अपक्ष निवडून आल्यावर नेमका कोणाचा?

चौकस_मतदार

महानगरपालिका निवडणुकीत काही जागांवर एखाद्या पक्षाचा अधिकृत उमेदवारच उरत नाही. कधी ए-बी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद) वेळेत पोहोचत नाही, तर कधी छाननीत अर्ज बाद होतो, आणि मग तो पक्ष रिंगणातील एखाद्या अपक्षाला पाठिंबा जाहीर करतो. प्रचारपत्रकांवर पक्षाच्या नेत्यांची छायाचित्रे झळकतात, सभेला नेतेही येतात. मतदान यंत्रावर मात्र त्या उमेदवाराच्या नावासमोर पक्षाचे चिन्ह नसते. हा पाठिंबा कायद्याच्या दृष्टीने कितपत बंधनकारक असतो? असा नगरसेवक पाठिंबा देणाऱ्या पक्षाचा व्हिप (मतदान कसे करावे याचा पक्षादेश) पाळण्यास बांधील असतो का? पक्ष पाहून मत देणाऱ्याने त्याच्याकडे कसे पाहावे, हेही जाणकारांनी सांगावे.

कलमवाचक

कायद्याच्या लेखी जाहीर पाठिंब्याला जवळजवळ काहीच किंमत नाही. ‘ए’ फॉर्ममध्ये पक्षाच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे हे व त्या व्यक्तीच्या सहीचा नमुना असतो, तर ‘बी’ फॉर्ममध्ये प्रत्यक्ष उमेदवाराचे नाव असते. हे दोन्ही कागद मुदतीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे गेले, तरच उमेदवार पक्षाचा ठरतो. नंतर नेत्याने व्यासपीठावरून कितीही जोरात नाव घेतले, तरी उमेदवार अपक्षच राहतो.

निवडून आल्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 नुसार नगरसेवक ज्या पक्षाने किंवा आघाडीने त्याला उभे केले त्याचा मानला जातो. जो कोणाकडूनही उभा केलेला नव्हता, त्याने निवडणुकीनंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला, तर तो अपात्र ठरू शकतो. म्हणजे गंमत अशी, की ज्या पक्षाच्या पाठिंब्यावर तो निवडून आला, त्याच पक्षात उघडपणे प्रवेश करणेही त्याच्यासाठी धोक्याचे असते.

मात्र यातून एक वाट ठेवलेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 31अ नुसार निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एक महिन्याच्या आत पक्ष, गट आणि अपक्ष नगरसेवक मिळून आघाडी स्थापन करू शकतात. तिची नोंदणी झाली की ती निवडणुकीपूर्वीचीच आघाडी असल्याप्रमाणे 1986 चा अधिनियम तिच्या सदस्यांना लागू होतो, आणि व्हिपचे बंधन तेथून सुरू होते. स्थायी समितीच्या 16 जागा आणि स्वीकृत (निवडून न येता नेमल्या जाणाऱ्या) नगरसेवकांची पदे सभागृहातील तौलनिक संख्याबळावर वाटली जातात, हे लक्षात घेतले की निकालानंतर नोंदणीसाठी विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाकडे अपक्षांना घेऊन एवढी धावपळ का होते, याचा उलगडा होतो. मुंबईत 2017 साली 227 पैकी शिवसेनेच्या 84 आणि भाजपच्या 82 जागा आल्या होत्या; एवढ्या निसटत्या अंतरात एकेका अपक्षाचे मोल काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

वॉर्डातला_कार्यकर्ता

कायद्याचे विवेचन योग्य आहे. परंतु पुरस्कृत उमेदवाराची खरी कसोटी त्याआधी, प्रचारातच लागते. मुंबई वगळता इतर महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, त्यामुळे मतदाराला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र बटण दाबावे लागते. पॅनेलमधील चौघांचे चिन्ह एकच असेल तर प्रचार सोपा होतो. तिघांचे पक्षचिन्ह आणि ‘क’ जागेवरील पुरस्कृत उमेदवाराला कपबशी, अशी स्थिती असेल तर घरोघरी नमुना मतपत्रिका घेऊन समजावत बसावे लागते, आणि तरीही पक्षाचा निष्ठावान मतदार ‘क’ जागेवर आपले चिन्ह न दिसल्याने गोंधळतो. त्यातच अपक्षांना चिन्ह मिळते ते अर्ज माघारीची मुदत संपल्यावर. 15 जानेवारी 2026 च्या मतदानासाठी चिन्हवाटप 3 जानेवारीला झाले होते. पक्षाचे उमेदवार तोपर्यंत आपले चिन्ह घेऊन बरेच फिरून आलेले असतात.

तिरकस_वाचक

मला हे सगळे पक्षांच्या सोयीचे वाटते. उमेदवार जिंकला तर तो आमचा, हरला तर तो अपक्ष! ग्रामपंचायतींच्या निकालानंतर हेच दिसते: तेथे पक्षचिन्हावर निवडणूक होतच नाही, तरी प्रत्येक पक्ष सरपंचांचे आकडे जाहीर करतो आणि त्यांची बेरीज एकूण गावांहून जास्त भरते की काय, अशी शंका येते. अमेरिकेत लॉस एंजेलिस, शिकागो यांसारख्या शहरांत नगर परिषदेची निवडणूक औपचारिकरीत्या पक्षविरहित असते, आणि राजकीय पक्ष, कामगार संघटना, वृत्तपत्रे आपापला पाठिंबा जाहीर करतात. तेथे सगळेच उमेदवार पक्षनामाविना उभे असल्यामुळे त्या पाठिंब्याला माहिती म्हणून अर्थ असतो. आपल्याकडे इतरांना चिन्ह असताना एकट्याला नसणे, ही मुळात चुकलेल्या व्यवस्थापनाची डागडुजी आहे.

चौकस_मतदार

सर्वांचे आभार. म्हणजे पुरस्कृत नगरसेवक आघाडीच्या नोंदणीत सामील झालाच नाही, तर पाच वर्षे तो कोणालाही मत देऊ शकतो, असे समजायचे का?

कलमवाचक

होय, महापौर निवडीसह. पक्ष त्याच्यावर नाराज होऊ शकतो, अपात्रतेची मागणी मात्र करू शकत नाही. पण अधिकृत उमेदवारही नेहमी अडकून राहतात असे नाही: ऑक्टोबर 2017 मध्ये मुंबई महानगरपालिकेतील मनसेच्या 7 पैकी 6 नगरसेवकांनी एकत्रितपणे शिवसेनेची वाट धरली, कारण दोन तृतीयांश सदस्य एकत्र असतील तर विलीनीकरणाच्या तरतुदीचा आधार घेता येतो. त्यामुळे पुरस्कृत उमेदवाराला मत देताना पाठिंबा देणाऱ्या पक्षापेक्षा त्या व्यक्तीचे शपथपत्र आणि पूर्वीचे पक्षबदल पाहणे मला अधिक उपयोगी वाटते. प्रचारादरम्यान तो भेटलाच, तर ‘निकालानंतर कोणत्या गटात नोंदणी करणार?’ हा प्रश्न चारचौघांसमोर विचारावा.