देवनागरी टायपिंगचं सॉफ्टवेअर डिफेंडर पुन्हा पुन्हा उडवतो. ठेवावं की काढावं?

रामबागकर, इंदूर
नमस्कार मंडळी. वाचनालयाची पुस्तकसूची कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये आहे, ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या आजच्या अक्षरसंकेतात, आणायची आहे. त्यासाठी एका एकट्या डेव्हलपरचं छोटं सॉफ्टवेअर घेतलं. रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या, पद्धतीनं टाईप केलं की थेट युनिकोड उमटतं आणि जुना मजकूरही बदलून मिळतो. संगणकावर विंडोज ११ होम आहे. सेटअप चालवताच निळी खिडकी आली, नंतर डिफेंडरनं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसनं, फाईल काढून टाकली. डेव्हलपरच्या मदतपानावर 'अँटीव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा' असं लिहिलंय. तसं केलं तर दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशी आयकॉन जागेवर, पण क्लिक केलं की फाईल सापडत नाही. प्रोटेक्शन हिस्टरीत नाव दिसतं 'ट्रोजन:विन३२/वाकाटाक.बी!एमएल'. व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच फाईल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणाऱ्या साइटवर, ७१ पैकी ५ इंजिनं लाल. याच संगणकावर सभासदांचे पत्ते आणि फोन आहेत, म्हणून विचारतोय. विश्वास ठेवावा का?

हॅश_तपासनीस
दादा, निळी खिडकी आणि डिफेंडरची सूचना एका मापानं मोजू नका. निळी खिडकी स्मार्टस्क्रीनची, म्हणजे अनोळखी फाईलबद्दल सावध करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. व्हायरस सापडला असं ती म्हणतच नाही, 'ही फाईल फार थोड्यांनी उतरवलीय, हिची ओळख नाही' एवढंच सांगते. ही ओळख फाईलच्या हॅशवर (फाईलवरून गणितानं काढलेला तिचा ठसा) आणि डेव्हलपरच्या डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटवर जमत जाते. सही नसेल तर नवी आवृत्ती आली की पाटी कोरी.

डिफेंडरनं दिलेल्या नावाचं शेपूट वाचा. '!एमएल' म्हणजे मशीन लर्निंग. ठरावीक व्हायरसची खूण जुळली नाही, फाईलची ठेवण संशयास्पद वाटली म्हणून अंदाज बांधला. मात्र अंदाज आहे म्हणून तो चूकच, असं धरू नका. नवाकोरा खरा ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रामचं सोंग घेतलेला घातक प्रोग्रामही, आधी अशाच नावाखाली सापडू शकतो.

अँटीव्हायरस बंद करायचा सल्ला मानू नका. रिअल-टाइम प्रोटेक्शन काही वेळानं आपोआप सुरू होतं, तीच फाईल पुन्हा क्वारंटाईनमध्ये (संशयित फाईलींच्या कोठडीत) जाते आणि मागे नुसता आयकॉन उरतो. तुमच्याकडे झालं ते हेच. शिवाय मधल्या वेळात दुसरं काही आत आलं तर अडवायला कोणी नाही.

आता एवढं पाहून सांगा. त्या ५ इंजिनांनी नेमकी काय नावं दिली? व्हायरसटोटलच्या डिटेल्स टॅबमध्ये फाईल पहिल्यांदा कधी आली? प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब आहे का? सेव्हन-झिप असेल तर सेटअपवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ हॅश काढा आणि ६४ अक्षरांची ती ओळ डेव्हलपरनं दिलेल्या ओळीशी पूर्ण जुळवा. आणि सभासदांची यादी असलेली फाईल चुकूनही व्हायरसटोटलवर टाकू नका. तिथं चढवलेलं सुरक्षा कंपन्यांच्या हाती जातं. फाईल न चढवता नुसता हॅश शोधला तरी जुना अहवाल निघतो.

कळफलक_कारागीर
टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर आळ का येतो ते सांगतो, कारण ते त्याच्या कामातच आहे. रेमिंग्टनमध्ये 'कि' लिहायला आधी एफची कळ, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, मग डीची कळ, म्हणजे 'क'. युनिकोडमध्ये मात्र क आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर. म्हणून सॉफ्टवेअरला पहिली कळ अडवून धरावी लागते, दुसरीची वाट बघावी लागते आणि मग दोन्हींचा क्रम उलटून पाठवावा लागतो. विंडोजच्या साध्या लेआउट फाईलमध्ये ही उलटापालट बसत नाही. त्यामुळे बरेच जण लो-लेव्हल कीबोर्ड हुक लावतात, म्हणजे कुठल्याही खिडकीत दाबलेली प्रत्येक कळ आधी आपल्याकडे. पासवर्ड चोरणारा कीलॉगर नेमकं हेच करतो. बाहेरून बघणाऱ्या इंजिनाला हेतू दिसत नाही, कृती दिसते.

त्यात पॅकिंगची भर. अशी साधनं बरेचदा ऑटोहॉटकी या कळांसाठीच्या स्क्रिप्ट भाषेत लिहून एक्सई (थेट चालणारी फाईल) केलेली असतात किंवा पायथॉनवरून पायइन्स्टॉलरनं 'वनफाईल', म्हणजे सगळं एकाच एक्सईत बांधून, केलेली. सुरुवातीचा सांगाडा सगळ्यांचा एकच. चोरांनीही तोच वापरला की सज्जनांची फाईल त्यांच्यासारखी दिसू लागते. वनफाईल दर वेळी टेम्प फोल्डरमध्ये स्वतःला उलगडते, आणि यूपीएक्स या आकार लहान करणाऱ्या साधनानं दाबली असेल तर आतलं लपवल्यासारखं वाटतं. डेव्हलपरला कळवा : यूपीएक्स काढा, वनफाईलऐवजी फोल्डर द्या, ऑटोहॉटकी असेल तर मूळ स्क्रिप्टही द्या. ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते.

सहीचं म्हणाल तर जून २०२३ पासून कोड सायनिंगची, म्हणजे सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करायची, किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित उपकरणात ठेवणं सक्तीचं झालं. एकट्या माणसाला तो खर्च आणि खटाटोप दोन्ही जड जातात. म्हणून सही नाही याचा अर्थ खोट आहे असा होत नाही. उलट बाजूही खरी : २०१७ साली सीसीक्लीनरची ५.३३ आवृत्ती अस्सल सहीसकट, अधिकृत साइटवरूनच दूषित होऊन गेली होती.

रामबागकर, इंदूर
पाहिलं. डिफेंडर धरून दोघांची नावं '!एमएल'ची, उरलेल्या तिघांचं शब्दशः एकच : 'जेन:व्हेरियंट' आणि पुढे एक आकडा. सही नाही. फाईल पहिल्यांदा आली त्याला सात आठवडे झाले. हॅश पूर्ण जुळला. पायथॉनचं आहे, वनफाईल.

हॅश_तपासनीस
एकाच नावाचे ते तीन म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. बऱ्याच कंपन्या बिटडिफेंडरचं इंजिन भाड्यानं घेतात, तेव्हा मत एकाचंच, शिक्के तीन. सात आठवड्यांनंतरही लाल आकडा पाचच आहे, हे महत्त्वाचं. खरा ट्रोजन एवढ्या काळात बहुधा बऱ्याच जास्त इंजिनांना सापडतो आणि मोठी इंजिनं त्याला अनेकदा एकाच घराण्याचं नाव देतात. हॅश मात्र त्याच साइटवर असेल तर त्याचं वजन कमी. साइट फोडणारा फाईल आणि हॅश दोन्ही बदलू शकतो.

मी ठेवीन, पण बांधून. आधी एक्सक्लूजन (डिफेंडरच्या तपासणीतून सूट), मगच फाईल परत; उलट केलंत तर परत आणताक्षणी पुन्हा पकडली जाईल. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, एक्सक्लूजन्स, तिथं 'फाईल' निवडून फक्त इन्स्टॉल झालेल्या एक्सईचा मार्ग द्या. डाउनलोड्स फोल्डर किंवा सी ड्राइव्ह कधीच नाही. 'प्रोसेस' हा पर्यायही नको : त्यानं ती प्रोसेस उघडेल त्या फाईलींची तपासणी थांबते, जे तुम्हाला नकोच आहे. मग प्रोटेक्शन हिस्टरीतून रिस्टोअर. दुसरा अँटीव्हायरस बसवलेला असेल तर डिफेंडर बाजूला होतो, तेव्हा सूट त्या अँटीव्हायरसमध्ये द्यावी लागेल.

यापुढची पायरी लोक गाळतात आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यात कामाची : टायपिंगच्या सॉफ्टवेअरला इंटरनेट लागत नाही. फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये आउटबाउंड रूल्स, न्यू रूल, प्रोग्राम, त्याच एक्सईचा मार्ग, 'ब्लॉक'. अगदी कळा साठवत असेल तरी स्वतःहून बाहेर पाठवायची सरळ वाट बंद. हा पक्का बंदोबस्त नाही, म्हणून ते चालू असताना बँक किंवा मेलचा पासवर्ड टाईप करू नका.

मायक्रोसॉफ्टच्या फाईल सबमिशन पानावर 'चुकीनं पकडली' म्हणून एक्सई पाठवा. धोक्याचं नाव आणि डेफिनिशनचा आवृत्ती क्रमांक सोबत द्या, तो प्रोटेक्शन अपडेट्समध्ये दिसतो. नाव हटलं की एक्सक्लूजन काढून टाका. नवी आवृत्ती आली तर हॅश बदलतो, तेव्हा सगळी तपासणी पुन्हा.

कळफलक_कारागीर
एक जोडतो. हात रेमिंग्टनवर बसलेला नसेल, तर विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक आहेच आणि २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानं टाईप करायचा) आहे. मग हुक लावणारा भाग चालू ठेवायची गरजच नाही, नुसता कन्व्हर्टर वापरा. तोही आधी सूचीच्या प्रतीवर, पन्नासेक नोंदींवर चालवा आणि 'ळ' आणि 'ऱ्य' असलेली नावं डोळ्यांनी तपासा. हिंदीसाठी लिहिलेले कन्व्हर्टर 'टिळक' आणि 'सुऱ्या' अशा शब्दांवर अडखळतात.